सत्तेचाळीस नंबरचा पेनड्राइव्ह

खंडेनवमी, शुक्रवार, दुपारचे चार. बाकी रक्कम आठ हजार रुपये. हजर चौघे: मी, माझी बायको, मुलीची आई आणि मुलीचे काका. दिलेली वस्तू बत्तीस जीबीचा एक पेनड्राइव्ह, त्यात लग्नाची तीन तास दहा मिनिटांची फिल्म. पेनड्राइव्हच्या पत्र्यावर मी सुईने कोरलेला नंबर, सत्तेचाळीस.

वही अजून माझ्याकडे आहे, म्हणून हे सांगताना मला अंदाज करावा लागत नाही.

धंदा माझ्या बायकोचा होता. लग्नांचं शूटिंग रोजंदारीवरचा कॅमेरावाला करायचा, पण कापणं, जोडणं, गाणी टाकणं, नावं लिहिणं हे सगळं ती घरी बसून करायची. आमच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणि एक लोखंडी कपाट, एवढं तिचं ऑफिस. माझी नोकरी एका खात्याच्या लेखा शाखेत. ऑफिस नव्या रायपूरला हलल्यापासून सकाळी स्टाफच्या बसने जायचं, रिकाम्या रुंद रस्त्यांकडे पाहत पोहोचायचं आणि दिवसभर लोकांच्या बिलांवर आक्षेप काढायचे. तीच सवय मी घरी आणली. धंद्यात माझी फक्त वही होती, पण वहीतून काही सुटू नये यावर माझा कटाक्ष होता.

आधी आम्ही सीडी द्यायचो, मग डीव्हीडी. पुढे लोकांच्या घरचे प्लेअर माळ्यावर गेले आणि जो तो म्हणू लागला, पेनड्राइव्ह द्या, टीव्हीला लावता येतो. डीव्हीडी पंधरा रुपयांची, पेनड्राइव्ह पाचशे वीसचा. इतकी महाग वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे नियम हवेत, म्हणून मी नियम केले. प्रत्येक पेनड्राइव्हवर सुईने नंबर कोरायचा, म्हणजे कोणी बदलून परत आणला तर कळेल. देण्याआधी फिल्मची पहिली दोन मिनिटं, मधली दोन आणि शेवटची दोन चालवून बघायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. पैसे पूर्ण आल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. घेणाऱ्याची सही घ्यायची. आणि सही झाल्यापासून आठ दिवसांनी आमच्याकडची प्रत पुसून टाकायची, कारण हार्ड डिस्क दोनच आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा लग्नं सुरू व्हायची. हा शेवटचा नियम पावतीच्या तळाशी हिंदीत छापलेला होता.

बायको म्हणायची, "माझ्या डाळीत मीठ आहे की नाही, तेही पहिला घास, मधला घास आणि शेवटचा घास खाऊन वहीत लिहीत जा."

हे लग्न मे महिन्यातलं. मुलीचे वडील राज्य सरकारच्याच नोकरीत, दुसऱ्या खात्यात. घराणं भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात असलेलं, घरात मराठी बोलणारं. व्यवहार त्यांनीच ठरवला. एकूण बावीस हजार. पाच आधी दिले, नऊ लग्नाच्या दिवशी, आठ फिल्म मिळाल्यावर. जुलैमध्ये ते गेले. ऑफिसातून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले.

त्यानंतर त्या घरून फोन आला नाही आणि आम्हीही केला नाही. सप्टेंबरात मुलीच्या आईचा फोन आला. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "ताई, फिल्ममध्ये त्यांचं जेवढं असेल तेवढं राहू द्या. खराब असेल तरी कापू नका." फोटो भरपूर होते, पण त्यांचा आवाज कुठेच नव्हता. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं असं कोणाच्या डोक्यात येतं?

बायकोने अर्धी झालेली फिल्म मोडली आणि सगळं शूटिंग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. ते गृहस्थ कॅमेरा दिसला की बाजूला व्हायचे. तरी तिने शोधून शोधून सहा मिनिटं चाळीस सेकंद काढली. एके ठिकाणी ते पंगतीत वाढणाऱ्यावर रागावतात. एके ठिकाणी जोडे हरवलेल्या पाहुण्याला स्वतःच्या चपला देतात. आणि एके ठिकाणी कॅमेऱ्याकडे हात करून म्हणतात, "माझं काहून घेऊन राहिला रे बाबा, पाहुण्यांचं घे."

या कामाचे जास्तीचे पैसे लावावेत असं मी सुचवलं. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तो आकडा खोडला.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही दरवर्षीप्रमाणे पूजा केली. इथली बाकीची मंडळी यंत्रांची पूजा सप्टेंबरातच विश्वकर्म्याच्या दिवशी उरकतात, आपली खंडेनवमीला. कॅमेरा, कॉम्प्युटर, हार्ड डिस्क, माझं कॅल्क्युलेटर आणि नवरात्रात तयार झालेले पाच पेनड्राइव्ह मी ताटात मांडले, पाण्याचा हात फिरवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. दुपारी बायकोने सगळं पुसून जागेवर ठेवलं. चार वाजता ती मंडळी आली.

मुलीचे काका अभनपूरचे, धानाचे व्यापारी. दणकट माणूस, बोलणं सरळ. खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "साहेब, वहिनीचं पेन्शनचं प्रकरण अजून अडकून आहे. आठ दिवसांत मी पैसे पाठवतो. फिल्म आज द्या."

मी म्हणालो, "नियम तसा नाही."

मुलीची आई पदर सावरून भिंतीकडे पाहत बसली. माझ्या बायकोने कपाट उघडलं, सत्तेचाळीस नंबरचा पाऊच काढला आणि त्यांच्या हातात दिला. माझा नियम माझ्या डोळ्यांसमोर मोडला गेला. मी सही घेतली, बाकी आठ हजार लिहिले आणि त्यापुढे कंसात 'आठ दिवस' असं लिहिलं.

आठ दिवस झाले. पैसे आले नाहीत. नवव्या दिवशी, शनिवारी, मी बायकोला म्हणालो, "सत्तेचाळीसची प्रत पुसून टाक."

"राहू द्या ना. जागा आहे अजून."

"नियम पावतीवर छापलेला आहे. एकासाठी सोडला की सगळ्यांसाठी सोडावा लागतो."

खरं सांगायचं तर पैसे न आल्याचा राग त्यात होता. तिने पुसली. माझ्या समोर पुसली आणि मी वहीत तशी नोंद केली.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, मी ऑफिसात असताना काकांचा फोन आला.

"साहेब, तुमचा पेनड्राइव्ह चालून नाही राहिला."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. टीव्हीत लावला, लॅपटॉपात लावला. जसा काही लावलाच नाही. पोट्टी सासरहून आली आहे बापाला पाहायला, ती रडून राहिली."

मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "बारा दिवस काय केलं?"

"कपाटात होता. पोट्टी आल्यावरच पाहायचं असं वहिनीचं म्हणणं होतं."

मी म्हणालो, "मी स्वतः तपासून दिला आहे. वहीत खूण आहे. पैसे द्यायची वेळ आली आणि नेमका बंद पडला?"

ते म्हणाले, "साहेब, आठ हजारांसाठी मी खोटं बोलून राहिलो का? तेवढ्याचा धान माझ्या ट्रॉलीतून रस्त्यावर सांडते. तुमच्याकडची दुसरी कॉपी द्या आणि विषय संपवा."

दुसरी कॉपी नव्हती. ते मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही. "पेनड्राइव्ह घेऊन या, मग बघू," एवढं म्हणून फोन ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी शक्यता मांडल्या. एक, ते खोटं बोलत आहेत. दोन, त्यांनी दुसराच पेनड्राइव्ह लावला आहे. तीन, घरातल्या कोणी काहीतरी दाबून तो पुसला आहे. चार, दुकानदाराने नकली माल दिला. पाच, बायकोने कॉपी करताना गडबड केली. सहावी शक्यता मला सुचली नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती हातातलं काम तसंच टाकून कॉम्प्युटरसमोर बसली. दोन्ही हार्ड डिस्क लावून बघितल्या. काही नव्हतं. आम्ही त्या जागेवर नवरात्रातल्या दोन कार्यक्रमांचं शूटिंग चढवलं होतं. कॅमेरावाल्याला फोन केला. त्याने कार्डं कधीच दुसऱ्या कामाला वापरली होती.

मी म्हणालो, "तू नीट कॉपी केली होतीस ना?"

तिने वही माझ्यापुढे आपटली. "ही खूण कोणाच्या अक्षरातली आहे? पहिली दोन, मधली दोन, शेवटची दोन. पाहिली ना तुम्ही? का नुसतीच खूण केली?"

मी पाहिली होती. गुरुवारी संध्याकाळी, नवमीच्या आदल्या दिवशी. पाचही चालले होते.

"सहा मिनिटं चाळीस सेकंद," ती म्हणाली. "सगळं लग्न गेलं तरी चाललं असतं. तेवढं नको होतं जायला." आणि स्वयंपाकघरात गेली.

बुधवारी संध्याकाळी काका पेनड्राइव्ह घेऊन आले. मी दारातच तो उजेडात धरला. सत्तेचाळीस. माझ्याच हातचा सात, थोडा वाकडा. म्हणजे बदललेला नव्हता. कॉम्प्युटरला लावला. त्यावरचा छोटा दिवासुद्धा लागला नाही. फाइल पुसलेली असती तर रिकामा पेनड्राइव्ह तरी दिसला असता. इथे काहीच दिसत नव्हतं. म्हणजे तिसरी शक्यताही गेली.

"आता?" काका म्हणाले.

"दुकानदाराला विचारतो."

"त्याला काय विचारता? दुसरी कॉपी कुठे आहे?"

मला सांगावं लागलं. मी पावतीची दुसरी प्रत काढून तळाची ओळ त्यांना वाचून दाखवली.

काकांनी ती ओळ स्वतः वाचली. मग पावती घडी करून माझ्या टेबलावर ठेवली. "साहेब, माणूस गेला तर त्याच्या घरचे तेरा दिवस तरी थांबतात. तुम्ही आठच दिले." असं म्हणून ते निघून गेले.

गुरुवारी ऑफिसातून परस्पर गोल बाजार गाठला. तिथे भांड्यांच्या रांगेच्या टोकाला त्या दुकानदाराचं दुकान होतं. त्याच्याशी माझं आधीच एकदा वाजलं होतं. पहिल्यांदा पेनड्राइव्ह घेतले तेव्हा बत्तीस जीबीचा म्हणून दिलेला कॉम्प्युटरवर एकोणतीसही पूर्ण दाखवत नव्हता. मी दहाचे दहा घेऊन परत गेलो होतो आणि प्रत्येकी तीन जीबी कुठे गेले याचा हिशोब मागितला होता. तो म्हणाला होता, "भैया, दूध उबालते हो तो घटता है कि नहीं? घर में भाभी से हिसाब माँगते हो क्या?" आजूबाजूचे हसले होते. कंपन्यांची मोजायची पद्धत वेगळी असते हे मला पुढे कळलं, पण त्याच्याबद्दलचा संशय काही गेला नव्हता.

त्या दिवशी मी सत्तेचाळीस त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "नकली माल दिलात. याच्यात एका मेलेल्या माणसाचा आवाज आहे."

त्याने तो लावून पाहिला. उलटसुलट केला. या वेळी थट्टा केली नाही. म्हणाला, "भैया, नकली होगा तो मैं पैसा वापस करूँगा, पाँच सौ बीस का पाँच सौ बीस. पर आपको पैसा नहीं चाहिए ना?" मग मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याचं दुकान त्याने दाखवलं. रेडिओ दुरुस्त करणारा, आता मोबाइलही करत होता.

मी गेलो, पण त्याने पाठवलं म्हणजे दोघांचं आपसात साटंलोटं असणार, अशी गाठ मनात बांधूनच गेलो.

म्हातारा डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने पेनड्राइव्हचं तोंड दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"साहब, इसकी पूजा किए थे क्या?"

"काय?"

"हव," त्याने मान डोलावली. "अंदर लाल-पीला जम गया है. पानी भी गया है. देखो."

मी भिंगातून पाहिलं. तोंडाच्या आत जे चार पितळी पट्टे असतात, त्यांच्यावर वाळलेला लाल थर होता. कडेला पिवळं.

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. चूक सापडली होती आणि ती त्यांच्या घरची होती. पेनड्राइव्ह नेला, गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग तो बंद पडणारच.

"साफ होईल?"

म्हातारा म्हणाला की होईल बहुतेक, पण पट्टा उखडला तर सगळं गेलं, मग त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. "जिसका है, उससे पूछ के लाओ." हे मला पटलं. परवानगी लेखी घ्यायची असं मी ठरवलं, म्हणजे काही झालं तर जबाबदारी त्यांची.

शनिवारी सकाळी बायकोला घेऊन त्यांच्या घरी गेलो. सुती साडीत मुलीची आई समोर बसली. मुलगी आतल्या दारात उभी राहिली. काकाही आलेले होते. फोटो भिंतीवर होता, त्याला चंदनाचा हार. मी फोटो नीट पाहून घेतला.

मग म्हणालो, "वहिनी, राग मानू नका. दुरुस्तीवाल्याला पेनड्राइव्हच्या आत हळदकुंकू सापडलं आहे. ओलं असताना आत गेलेलं. भावनेच्या भरात कोणी फोटोपुढे ठेवला असेल, वाहिलं असेल. चूक कोणाची हे मला काढायचं नाही, पण ते आमच्याकडून झालेलं नाही, एवढं लिहून द्या."

काका उठायला लागले. बाईंनी त्यांना हाताने बसवलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे यंदा सण नाही. वर्ष होईपर्यंत काहीच नाही. घट बसले नाहीत, दसरा झाला नाही. कुंकवाचा करंडा जुलैपासून पेटीत आहे. वाहील कोण?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. मुलगी दारातून आत निघून गेली.

मी फोटोकडे पुन्हा पाहिलं. त्यावर गंधाचा ठिपकासुद्धा नव्हता. ते मी आधीच पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. माझ्या शेजारी बायको एकदम ताठ झाल्याचं मला जाणवलं. तिच्या लक्षात माझ्या आधी आलं होतं.

परवानगीचा कागद मी पुढे केला, कारण तो खिशात होता आणि दुसरं काय करावं ते सुचलं नाही. बाईंनी सही केली. "हे तुमच्याकडून झालेलं नाही" ही ओळ मीच लिहून आणली होती. ती त्यांनी वाचली की नाही, मला माहीत नाही.

घरी आल्यावर मी लोखंडी कपाट उघडलं. नवमीच्या पाचपैकी दोन पेनड्राइव्ह अजून न्यायला कोणी आलं नव्हतं. टॉर्च मारून पाहिलं. पंचेचाळीस स्वच्छ होता. अठ्ठेचाळीसच्या तोंडात लाल होतं, थोडं. लावून पाहिला, तीनदा लावल्यावर एकदा चालला. या जातीचे पेनड्राइव्ह झाकणाचे नसतात. पत्र्याची पट्टी नुसती फिरते आणि तोंड उघडं राहतं. ताटात मी ते तोंडं माझ्याकडे करून मांडले होते, नंबर दिसावेत म्हणून. आणि कुंकू मी कोरडं वाहत नाही. बोट ओलं करून लावतो, माझे वडील लावायचे तसं.

बायको म्हणाली, "मी वरवर पुसले होते. आत कोण पाहते?"

"तुझी चूक नाही."

"पूजेची नोंद वहीत नाही केली तुम्ही," ती म्हणाली. थट्टा होती की राग होता, मला तेव्हा कळलं नाही. मग म्हणाली, "सांगणार ना त्यांना?"

ती हे विचारील असं मला वाटलं नव्हतं, पण प्रश्न बरोबर होता. घरी येईपर्यंत मी मनात तेच मोजत होतो. हे कोणाला माहीत आहे? मला आणि तिला. सही केलेला कागद माझ्या खिशात होता. पेनड्राइव्ह साफ होऊन चालला असता तर कोणी पुढे विचारलंही नसतं. आणि नसता चालला तर जबाबदारी माझी नाही असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ऑफिसात माझ्यापुढे असे कागद रोज येतात. सगळ्या सह्या जागेवर असतात आणि तरी हाताला कळतं की काहीतरी बरोबर नाही.

मी तो कागद फाडला आणि काकांना फोन केला. संध्याकाळी सहाला गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुरुस्तीवाल्याकडे या म्हणालो. बाई स्वतःच आल्या, काकांच्या मोटरसायकलवर मागे बसून.

दुकान इतकं छोटं की म्हातारा आत आणि आम्ही चौघं फळीच्या बाहेर रस्त्यावर उभे. त्याने पेनड्राइव्ह हातात घेतला तेव्हा मी म्हणालो, "सुरू करण्याआधी एक सांगायचं आहे. कुंकू माझ्या हातचं आहे. खंडेनवमीला पूजेत ठेवला होता, मीच वाहिलं. मी तुम्हा सगळ्यांवर आळ घेतला, ती माझी चूक."

काकांनी माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "म्हणजे इतके दिवस तुम्ही आम्हाला चोर समजून राहिले, आणि चोर तुमच्या देवघरात?"

"हो."

"तुमचं ऑफिस कोणतं आहे साहेब? आमची बिलं तिकडे जाऊ नयेत म्हणून विचारून राहिलो."

"भाऊजी, राहू द्या," बाई म्हणाल्या. "काम होऊ द्या आधी."

म्हाताऱ्याने शाळेतल्या मुलाचं असतं तसं साधं खोडरबर पातळ कापलं होतं. ते आत घालून तो अगदी हळू मागेपुढे करत राहिला. मग स्पिरिटमध्ये बुडवलेला दात घासायचा ब्रश. लाल भुकटी त्याच्या पांढऱ्या कपड्यावर पडत होती. बायकोने माझी बाही धरली होती, आणि मी त्या चार पट्ट्यांतला एखादा तुटल्याचा आवाज येतो का, तेवढंच ऐकत होतो.

त्याने जुन्या लॅपटॉपला लावला. काही नाही. काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. दिवा लागला.

पडद्यावर फाइल आली. मी सवयीने लांबी वाचली. तीन तास दहा मिनिटं. मी म्हाताऱ्याला म्हणालो, "पहिली दोन मिनिटं, मधली दोन..."

"अहो, सरका," बायको म्हणाली. तिला जागा पाठ होती. तिने फळीवरून हात आत घालून नेमकं तिथे नेलं.

मांडव, पंगत, कोणाचे तरी हात, आणि मग ते गृहस्थ, बाजूला होत. लॅपटॉपचा आवाज बारीक होता, गल्लीत रिक्षा वाजत होत्या, तरी नीट ऐकू आलं. "माझं काहून घेऊन राहिला रे बाबा, पाहुण्यांचं घे."

काका वळून रस्त्याकडे पाहू लागले. बाई हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "असंच बोलायचे," त्या म्हणाल्या. "असंच." आणि म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बाबा, एक बार और."

त्याने चार वेळा लावलं. त्यानंतर बायकोने त्याच लॅपटॉपवरून दोन नवीन पेनड्राइव्हवर कॉपी केली. ते मी सोबत आणले होते. पहिलं मिनिटही मी तपासलं नाही. बायकोने मात्र दोन्ही तपासले.

मी बाकी आठ हजार सोडतो असं म्हणालो. बाईंनी मान हलवली. "व्यवहार त्यांनी ठरवला होता. त्यांचा एकही व्यवहार मला अर्धा ठेवायचा नाही. भाऊजी, द्या." काकांनी खिशातून पाकीट काढलं, ते त्यांनी घरूनच आणलं होतं. बाईंनी ते त्यांच्याकडून घेतलं आणि माझ्या पुढे आलेल्या हाताला टाळून माझ्या बायकोच्या हातात दिलं. "ताई, शोधायचं काम तुमचं होतं."

पावती कोणाच्या नावाने करू, हे मी विचारलं. "ज्यांनी ठरवलं त्यांच्या," त्या म्हणाल्या. मी तशी केली. तळाची छापलेली ओळ पेनने खोडली. ती पुढे छापलीही नाही.

म्हातारा पन्नास रुपये म्हणाला. पन्नास दिले, माझ्या खिशातून.

जाताना गोल बाजारात त्या दुकानदाराकडे थांबलो. त्याचं माझ्याकडे काही निघत नव्हतं. मी पाच पेनड्राइव्ह मागितले, झाकणाचे. त्याने भाव पाचशे साठ सांगितला, आणि मी घासाघीस करीन म्हणून वाट पाहत राहिला. मी दोन हजार आठशे मोजून त्याच्या हातात दिले.